खाऱ्या विहिरी, युरेनियम आणि जिवाणू : वऱ्हाडच्या भूजलाची गोष्ट

१/ एप्रिल १९३०. दांडीच्या किनाऱ्यावर महात्मा गांधींनी मूठभर मीठ उचलले आणि देशभर मिठाचे सत्याग्रह सुरू झाले. वऱ्हाडाला समुद्र नाही. तरीही अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे सत्याग्रहींनी कायदा मोडून मीठ तयार केले. त्यासाठी लागणारे खारे पाणी त्यांना तिथल्याच विहिरींनी पुरवले.

२/ त्या परिसरातील भूजल आजही खारे आहे. ते गोडे करण्याचे उपाय शोधताना एक प्रश्न हमखास विचारला जातो : परदेशात जिवाणूंनी भूजलातील युरेनियमसारखा विषारी धातू आवरला, तर आपल्याकडचे पाणी त्यांना का स्वच्छ करता येऊ नये? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक दूषितकाच्या स्वतंत्र इतिहासात दडलेले आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

३/ प्रथम भूगोल. सातपुड्यात उगम पावणारी पूर्णा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाते आणि चांगदेव येथे तापीला मिळते. तिच्या खोऱ्यात बेसॉल्टच्या कातळावर गाळाचे प्रचंड थर साचले आहेत. काही ठिकाणी त्यांची जाडी तीनशे मीटरहून अधिक भरते. गाळ बारीक व चिकण असल्याने पाण्याचा निचरा मंद होतो आणि क्षार तिथेच साठून राहतात. हाच खारपाण पट्टा.

४/ एकोणिसाव्या शतकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी या पट्ट्याची नोंद केली. अकोल्याच्या उत्तरेस दहीहांड्यापासून अमरावतीच्या जवळपर्यंत, तीस मैलांहून अधिक लांबीच्या टापूत, पूर्णेच्या दोन्ही काठांवर लोक मिठासाठी विहिरी खणत. सर्वांत खोल विहिरी सुमारे १२० फुटांच्या होत्या. खडीच्या विशिष्ट थरातून येणारे खारे पाणी हेच त्यांचे उत्पन्न होते.

५/ म्हणजे ज्या पाण्याला आज आपण शाप म्हणतो, ते एके काळी उपजीविकेचे साधन होते. १८५३च्या तहानंतर वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. मिठावरील कर आणि सरकारी नियंत्रण यांपुढे असा स्थानिक उद्योग टिकणे शक्य नव्हते. दहीहांड्याच्या सत्याग्रहींनी १९३० मध्ये या बंद पडलेल्या परंपरेलाच राजकीय अर्थ दिला.

६/ विहिरी मिठासाठी होत्या तोवर खारेपणा ही अडचण नव्हती. पिण्यासाठी आणि ओलितासाठी तेच पाणी वापरण्याची वेळ आली तेव्हा ती अडचण झाली. आज या पट्ट्यात नऊशेहून अधिक गावे येतात. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी येथून वर्षानुवर्षे येत आहेत. एप्रिल २०२३ मध्ये गोड्या पाण्याच्या योजनेच्या मागणीसाठी अकोल्याहून नागपूरच्या दिशेने पदयात्रा निघाली, तेव्हा यात्रेकरूंनी गावचे खारे पाणी सोबत घेतले होते.

७/ आता जिवाणूंकडे वळू. त्यासाठी काही काळ वऱ्हाड सोडून अमेरिकेत जावे लागेल, कारण भूजल-शुद्धीकरणाचा हा प्रयोग प्रथम तिथे, अणुयुगाने मागे ठेवलेल्या कचऱ्यावर झाला.

८/ युरेनियम हे मूलद्रव्य १७८९ मध्ये मार्टिन क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ओळखले. आपल्या विषयापुरती त्याची एकच गोष्ट लक्षात ठेवावी : निसर्गात ते प्रामुख्याने दोन रूपांत आढळते. एक रूप पाण्यात सहज विरघळते आणि पाण्याबरोबर प्रवास करते. दुसरे रूप विरघळत नाही, खनिज होऊन जागच्या जागी बसते. प्राणवायूने समृद्ध पाण्यात पहिले रूप टिकते, प्राणवायू नसलेल्या गाळात दुसरे.

९/ पाण्यातील युरेनियमची भीती मुख्यतः किरणोत्सर्गाची नाही. त्याचा रासायनिक परिणाम मूत्रपिंडावर होतो, ही खरी चिंता. सुरक्षित मर्यादा किती, याचाही इतिहास आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये लिटरला २ मायक्रोग्रॅम, २००४ मध्ये १५ आणि २०११ मध्ये ३० अशी मर्यादा सुचवली. भारतीय मानक ब्यूरोने २०२१ मध्ये ३० मायक्रोग्रॅमचीच मर्यादा स्वीकारली.

१०/ १९८७ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील डेरेक लव्हली यांनी पोटोमॅक नदीच्या गाळातील एका जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. माणूस अन्नातून ऊर्जा मिळवतो तेव्हा उरलेले इलेक्ट्रॉन श्वासातल्या प्राणवायूच्या स्वाधीन करतो. हा जिवाणू प्राणवायूऐवजी ते लोहाच्या गंजासारख्या खनिजाला देतो. एका अर्थी तो गंजावर श्वास घेतो. पुढे त्याला जिओबॅक्टर हे नाव मिळाले.

११/ १९९१ मध्ये लव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की असे जिवाणू लोहाप्रमाणेच युरेनियमलाही इलेक्ट्रॉन देऊ शकतात. इलेक्ट्रॉन मिळाले की विरघळलेले युरेनियम न विरघळणाऱ्या रूपात जाते आणि पाण्यातून खाली बसते. इथे शब्दांची काळजी घ्यावी. जिवाणू युरेनियम ‘खात’ नाहीत, ते नष्टही करत नाहीत. मूलद्रव्य तेच राहते, फक्त त्याचा प्रवास थांबतो.

१२/ प्रयोगशाळेबाहेरची परीक्षा कोलोरॅडो राज्यातील रायफल या गावी झाली. नदीकाठच्या तिथल्या गिरणीत १९२४ पासून खनिज दळून प्रथम व्हॅनेडियम आणि पुढे युरेनियम काढले जात असे. १९५८ मध्ये ती बंद झाली. कचऱ्याचे ढीग नंतर हलवण्यात आले. मात्र जमिनीखालच्या पाण्यात मुरलेले युरेनियम ट्रकमध्ये भरून नेता येत नव्हते.

१३/ २००२ च्या उन्हाळ्यात संशोधकांनी तिथे बाहेरून एकही जिवाणू आणून सोडला नाही. त्यांनी जमिनीत ॲसिटेट सोडले. व्हिनेगरमधील आम्लाचाच हा क्षार. तिथल्या जिओबॅक्टरसाठी ही मेजवानी होती. त्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि पन्नास दिवसांच्या आत काही निरीक्षण-विहिरींतील युरेनियम ठरलेल्या मर्यादेखाली उतरले.

१४/ पुढचा भाग उत्साही लेखांत सहसा गाळला जातो. ॲसिटेटवर दुसऱ्या एका जिवाणूगटाचाही डोळा होता : सल्फेटवर जगणारे जिवाणू. काही आठवड्यांत त्यांनी वरचढ होऊन जिओबॅक्टरचे अन्न पळवले, आणि पाण्यातील युरेनियम पुन्हा वाढू लागले. भूजल म्हणजे रिकामे भांडे नाही. तिथे आधीपासून अनेक रहिवासी असतात आणि नव्या अन्नासाठी त्यांच्यात स्पर्धा लागते.

१५/ दुसरा धडा टेनेसीतील ओक रिजचा. तिथे १९५१ ते १९८३ या काळात अण्वस्त्र-कारखान्याचे सांडपाणी उघड्या तळ्यांत सोडले गेले. त्यात युरेनियमबरोबर नायट्रेटचे प्रचंड प्रमाण होते. जिवाणूंना नायट्रेटला इलेक्ट्रॉन देणे अधिक फायद्याचे पडते. त्यामुळे नायट्रेट शिल्लक असेपर्यंत ते युरेनियमकडे वळत नाहीत. संशोधकांना आधी नायट्रेट हटवावे लागले आणि मगच युरेनियम खाली बसले. पाण्यात प्राणवायू परत येताच त्यातील काही भाग पुन्हा विरघळला.

१६/ नायट्रेट हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. वऱ्हाडात परतल्यावर तो पुन्हा भेटणार आहे. तत्पूर्वी मुंबईचा एक मुक्काम आवश्यक आहे. या विषयावरील भारतीय संशोधनातला एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रातच, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गाठला गेला.

१७/ त्या कथेचा नायक १९५६ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन येथे सापडला. किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेले डबाबंद मांस तरीही खराब झाले होते. आर्थर अँडरसन यांनी शोध घेतला, तेव्हा माणसाला सहज मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट किरणोत्सर्ग सोसूनही जिवंत राहिलेला जिवाणू मिळाला. त्याचे आजचे नाव डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. अणुकचऱ्यात काम करायला याहून योग्य मजूर कोण?

१८/ अडचण एकच होती : युरेनियम वेगळे करण्याची कला त्याला पुरेशी अवगत नव्हती. भाभा केंद्रातील श्री कुमार आपटे यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ती त्याला देण्यात आली. त्यासाठी लागणारे जनुक घेतले होते टायफॉइडच्या, म्हणजे विषमज्वराच्या, जिवाणूकडून. दूषित पाण्यातून शतकानुशतके माणसे मारणाऱ्या जंतूचे एक जनुक आता पाण्यातील विष काढायला कामी आले.

१९/ ही रीत रायफलहून निराळी आहे. त्या जनुकामुळे तयार होणारे विकर सेंद्रिय फॉस्फेटचे विघटन करते. मोकळे झालेले फॉस्फेट युरेनियमला धरते आणि दोघे मिळून साका होऊन खाली बसतात. युरेनियम फॉस्फेट-खनिजात अडकल्यामुळे केवळ प्राणवायू परत आला म्हणून ते सुटत नाही. मात्र फॉस्फेटचा खुराक बाहेरून सतत द्यावा लागतो.

२०/ प्रयोगात लिटरला सुमारे १९० मिलिग्रॅम युरेनियम असलेल्या द्रावणातून नव्वद टक्क्यांहून अधिक युरेनियम सहा तासांत वेगळे झाले. कामगिरी मोठीच आहे. तरी हिशेब करून पाहावा. दहा टक्के उरले असे धरले, तर ते १९ मिलिग्रॅम होतात आणि पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०३ मिलिग्रॅम आहे. हा उपाय अणुकचऱ्यासाठी योजलेला होता. त्याला पिण्याच्या पाण्याचा गाळणीयंत्र समजणे हा संशोधनावरही अन्याय ठरेल.

२१/ शिवाय जनुक बदललेला जिवाणू उघड्या विहिरीत सोडणे ही सोपी बाब नाही. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा आणि त्याखालील जनुकबदल केलेल्या सजीवांसंबंधीचे नियम १९८९ चे. त्यांनुसार अशा वापरासाठी केंद्रीय पातळीवरची परवानगी लागते. विहीर ही बंद टाकी नसते. तिचे पाणी शेजारच्या शेताखालून वाहते.

२२/ आता वऱ्हाडात परत. पहिला प्रश्न : इथे युरेनियमचे संकट आहे काय? दख्खनचा बेसॉल्ट मुळातच युरेनियमने गरीब आहे. ग्रॅनाइटमध्ये त्याचे प्रमाण कितीतरी अधिक असते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात युरेनियमची अतिशय जास्त मात्रा असलेले नमुने मुख्यतः राजस्थान व पंजाबचे आहेत. वऱ्हाडाने विनाकारण घाबरण्याचे कारण नाही.

२३/ त्याच अहवालातील दुसरे पान मात्र वऱ्हाडाने वाचावे असे आहे. भूजलातील नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या देशातील १५ जिल्ह्यांत अमरावती आणि बुलढाणा आहेत. शेजारचे वर्धा, यवतमाळ व जळगावही आहेत. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. महाराष्ट्रातील एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांनी ती ओलांडली होती.

२४/ या नायट्रेटचा इतिहास मिठाइतका जुना नाही. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरकडे धावला, तेव्हा शेतात शेणखत होते. हवेतील नायट्रोजनपासून कारखान्यात खत बनवण्याची सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. आपल्याकडे ही खते मोठ्या प्रमाणावर पसरली ती हरितक्रांतीनंतर. पिकाने न उचललेला भाग पावसाबरोबर खाली मुरला. गोठे आणि शौचालयांचे शोषखड्डे यांनी त्यात भर घातली.

२५/ नायट्रेट आणि युरेनियम यांचे नाते केवळ ओक रिजपुरते नाही. २०१५ मध्ये जेसन नोलन आणि कॅरी वेबर यांनी अमेरिकेतील दोन विशाल जलधरांचा अभ्यास मांडला. युरेनियमने दूषित क्षेत्रांपैकी ७८ टक्के क्षेत्रांचा संबंध नायट्रेटशी जुळला. खडकात स्वस्थ बसलेल्या युरेनियमला नायट्रेट पुन्हा विरघळणाऱ्या रूपात ढकलते, आणि या कामातही जिवाणूंचा हात असतो. म्हणजे परिस्थिती बदलली की जिवाणू उलट दिशेनेही काम करतात.

२६/ म्हणून वऱ्हाडच्या पाण्यापुढे तीन वेगळे प्रश्न ठेवावे लागतात. युरेनियम : रूप बदलते, जिवाणू ते बसवू शकतात, पण इथे ते मुख्य दुखणे नाही. नायट्रेट : रूप बदलते, आणि जिवाणूंना ते प्रिय आहे. मीठ : सोडियम व क्लोराइड पाण्यात विरघळलेलेच राहतात. त्यांना इलेक्ट्रॉन देऊन खाली बसवणारा जिवाणू नाही.

२७/ इथे कोणी लोणारचे उदाहरण देईल. बुलढाणा जिल्ह्यातील या खाऱ्या सरोवराच्या क्षारांची नोंद ऐन-इ-अकबरीतही आहे, काच व साबण बनवण्याच्या संदर्भात. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे मीठप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. पण हे जीव मिठात जगतात, मीठ संपवत नाहीत. लोणारचे पाणी त्यांच्यासह खारेच आहे.

२८/ मिठावरचा उपाय त्यामुळे जीवशास्त्रात नसून पाण्याच्या वाटपात आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी वान आणि शहानूर या धरणांचे गोडे पाणी नळयोजनांनी खारपाण पट्ट्यातील गावांना पोचते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातील गावांचा समावेश करून शेततळ्यांसारख्या कामांवर भर देण्यात आला. पावसाचे पाणी खाऱ्या थरात मुरण्याआधी अडवणे, हे त्यामागचे साधे सूत्र.

२९/ नायट्रेटची गोष्ट वेगळी. नायट्रेटचे वायूत रूपांतर करणारे जिवाणू १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये गेयॉँ आणि द्युपेती यांनी अभ्यासले. हा वायू म्हणजे मुख्यतः नायट्रोजन, जो हवेत मिसळून जातो. परदेशात शेतांच्या कडेला लाकडाचा भुसा भरलेले चर खणतात. भुसा जिवाणूंचे अन्न होतो आणि चरातून झिरपणाऱ्या पाण्यातील नायट्रेट घटते. यात जनुकबदल नाही, प्रयोगशाळाही नाही.

३०/ तरीही चर एकदा खणून भागत नाही. भुसा संपतो, बदलावा लागतो. आणि वरून खत तितकेच पडत राहिले, तर खालचा जिवाणू किती पुरा पडणार? रायफलमध्ये जिवाणूंना ॲसिटेट बाहेरून पुरवावे लागले. ओक रिजमध्ये प्राणवायू परतला आणि विष सुटू लागले. जिवाणूंचे काम माणसाच्या राखणीवर अवलंबून असते, हे तिन्ही ठिकाणी सारखेच दिसते.

३१/ ‘अमुक जिवाणू पाणी शुद्ध करतो’ अशी बातमी पुन्हा वाचनात आली, तर तीन गोष्टी तपासाव्यात. दूषितक कोणते, आणि त्याचे रूप बदलता येते का? बदललेले रूप पुन्हा उलटू शकते का? आणि दहा वर्षांनी त्याची देखभाल कोण करणार? या तिन्हींचे उत्तर नसेल, तर बातमी अपुरी आहे.

३२/ दहीहांड्याच्या सत्याग्रहींना आपल्या विहिरीत काय आहे हे नेमके ठाऊक होते, म्हणून त्यांनी तिचा उपयोग करून घेतला. आज मिठाची चव जिभेला कळते, नायट्रेटची कळत नाही. आपल्या गावच्या विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घेणे आणि तिचा निकाल ग्रामसभेत वाचून दाखवणे, इतके तरी प्रत्येक गावाला शक्य आहे. पुढच्या पिढीच्या इतिहासकारांना तो कागद दप्तरात सापडावा.

(धागा समाप्त)